कुंपणापलीकडची पपई

सोलापुरातले आमचे शेजारी पपईच्या विषाणूंवर संशोधन करतात. विषाणूच्या कोणत्या जनुकामुळे पान पिवळं पडतं आणि कोणत्यामुळे आक्रसतं, हे ते चहा पार निवेपर्यंत सांगतात. शेतकऱ्यांना मात्र त्यांचा एकच सल्ला असतो, "रोगट झाड दिसलं की उपटा. माया करू नका."

त्यांच्याच अंगणातली पपई आजारी पडली, तेव्हा ते रोज कौतुकानं तिचे फोटो काढू लागले. पुढं रोग कुंपण ओलांडून आमच्या पपईवर आला. बायकोनं रागानं त्यांना बोलावलं. त्यांनी पान उजेडात धरून डोळे भरून पाहिलं.

"वहिनी, अभिनंदन! तुमच्याकडं पानं पार दोरीसारखी झालीत. विषाणूचं जनुक बदललेलं दिसतंय."

"आणि पपया?"

"पपया कुठल्या आता? पण शोधनिबंध लई झकास येईल की!"