कुसुमताईनं पान न उलटता वाचलेली गोष्ट

कळंबच्या एसटीचा कंडक्टर आमच्या दारात कधी आला नव्हता. त्या सकाळी आला. गाडी बाभुळगावच्या स्टँडवर उभी ठेवून, तिकिटांचा पंच हातातच धरून आला आणि ओसरीवर बसलेल्या बाबांना म्हणाला, "काका, कुसुमबाईचं... लय ताप होता न त्यायले..." एवढं बोलून तो थांबला. बाबांनी त्याला बसायला सांगितलं. मी पाणी आणायला आत गेले. तांब्या भरताना मी कसला विचार करत होते, तर नुसतं पाणी द्यावं की सोबत गुळाचा खडा द्यावा. खडा दिला. त्यानं तो खाल्ला नाही, मुठीत धरून बसला, आणि जाताना कोनाड्यात ठेवून गेला. माझी मोठी बहीण कुसुमताई गेली हे मला असं कळलं. त्याला आता काही आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. येईल तेव्हा येईल.

ताई कळंबच्या शाळेत शिकवायची आणि तिथंच एक खोली घेऊन राहायची. मुदतीचा ताप होता. तिनं आम्हाला कळवलं नाही. दर रविवारी यायची ती त्या रविवारी आली नाही, तेव्हा परीक्षेचे पेपर तपासत बसली असेल असं आम्ही धरून चाललो. तापात तिच्याजवळ शेजारची बाई होती, तिच्या वर्गातल्या मुली पाळीपाळीनं बसत होत्या, म्हणजे अगदी एकटी नव्हती. पण आमच्या आत्याला ते पटत नाही. दिवस करायला आली तेव्हापासून ती एकच धोशा लावून बसली होती. "घरी असती त आपल्या हातचं पानी त भेटलं असतं. कायले धाडलं रे पोरीले?" बाबा मान खाली घालून ऐकायचे. ताई घरातून गेली कशी, हे आत्याला माहीत नाही, कारण तेव्हा घरात आम्ही चौघंच होतो. म्हणून ते मी लिहिते आहे.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि त्याच वर्षी आमची आई गेली. ताईची सातवी झाली होती. मी नऊ वर्षांची, गजू जेमतेम चालता-बोलता. बाबा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते. हंगामात पहाटे जायचे ते अंधार पडल्यावर केसात कापूस घेऊन परत यायचे. ताईनं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. आईच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसलेली होती आणि आम्ही तिच्याकडे ताट पुढे केलं, इतकंच. ती फार मायाळू वगैरे होती असं आत्ता सगळे म्हणतात. मला ती चिडकी आठवते. वेणी घालताना केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि वर म्हणायची, "रडून राह्यली काहून? मी का मारलं तुले?"

तिला एकच शौक होता, वाचायचा. शाळेच्या कपाटात मोठ्या मुलांसाठीच्या गोष्टींची काही पुस्तकं होती, ती मी दप्तरातून आणायची. संध्याकाळी भाकरी थापताना ताई ती मोठ्यानं वाचून दाखवायची. पुस्तक पाटावर, वाटणाच्या पाट्याला टेकवून उभं केलेलं. तिचे हात पिठात, म्हणून पान उलटण्याचं काम गजूचं. त्याला वाचता येत नव्हतं. ताईनं भुवई उडवली की तो मोठ्या इमानदारीनं पान उलटायचा. बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले असत. ऐकत होते की डुलक्या घेत होते, कोण जाणे.

मी गेल्या वर्षापासून घरूनच जाऊन-येऊन यवतमाळला मुलींना मराठी शिकवते, त्यामुळे ही पुस्तकं मला पुन्हा चाळावी लागतात. प्रत्येक पुस्तकात एक माणूस असतंच. कधी मोठी बहीण, कधी पोरकी मावशी, कधी घरचा म्हातारा गडी. मुलं गुहेत जातात, चोर पकडतात, पुरात होडी घालतात. आणि हे माणूस घरी कंदील लावून वाट बघतं. शिदोरी बांधून देतं, परत आल्यावर जखमेवर हळद लावतं. लेखकाला त्याची फार गरज असते, कारण मागे कुणीतरी जागं आहे म्हटल्यावरच पोरं बेधडक जंगलात शिरतात. पण त्या माणसाला स्वतःला काय आवडतं, ते कधी जेवतं, त्याला कुठं जावंसं वाटतं का, यावर एक ओळ नसते. शेवटाकडे मात्र ते आजारी पडतं. मरताना त्याला दोन पानं मिळतात, मुलं रडतात, आणि रडून झाल्यावर शहाणी होतात. माझ्या वर्गातल्या मुलींना हा भाग फार आवडतो. मला तो आता वाचवत नाही.

ताईलाही तो वाचवत नसे, पण तिनं त्यावर आपला इलाज काढला होता. ती मजकूर बदलायची. पुस्तकी भाषा ती इतकी सफाईनं बोलायची की जोड कुठं लागला ते कळायचं नाही. मुलं जेवली की ती मधेच वाचायची, 'मग मावशीनेही दोन घास खाल्ले.' एका पुस्तकातल्या बहिणीला तिनं चिंतामणीच्या जत्रेला पाठवलं आणि बांगड्या भरवून आणलं. एक म्हातारा गडी मुलांना वाचवताना पुरात वाहून जातो, तो ताईनं बाभळीवर चढवला. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तो खाली आला आणि आल्या आल्या त्यानं तंबाखू मागितली. गजू पुढं शाळेत गेल्यावर गुरुजींनी तीच गोष्ट सांगितली आणि गड्याला मारून टाकलं, तेव्हा आमच्या या शूरवीरानं भर वर्गात उभं राहून भांडण केलं. घरी आल्यावर ताईला म्हणाला, "गुरुजीले वाचताच येत नाही." ताई हसता हसता खोकत सुटली. ती तशी हसलेली फार वेळा आठवत नाही.

ही लबाडी मला फार आधी कळली होती. कारण साधं होतं. ताई वाचतच राहायची, एक भाकर व्हायची, दुसरी व्हायची, आणि गजूला खूण होत नसे. पान तिथंच. मी कधी बोलले नाही. ताईचं पुस्तक मला कपाटातल्या पुस्तकापेक्षा आवडायचं.

मी बारा-तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. एका दुपारी हेडमास्तर घरी आले. ताईचा अर्ज त्यांनीच भरून पाठवला होता. यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तिचा नंबर लागला होता. राहायचं तिथंच. ताई दारातच उभी राहिली, म्हणाली, "घरी इचारून सांगतो." त्या संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, ओसरीवर बसले. ताईनं काही सांगितलं नाही. परात पुढे ओढली आणि वाचायला लागली. पुस्तकात आईविना वाढणारी भावंडं होती आणि त्यांना सांभाळणारी मोठी बहीण होती. थोडं वाचून झालं आणि पान थांबलं. 'एके दिवशी गुरुजी तिच्या घरी आले. म्हणाले, मुली, शहरात तुझी शिकण्याची सोय झाली आहे. तिला फार आनंद झाला. पण धाकट्या भावंडांकडे पाहून तिला काही सुचेना. जावे की राहावे...' ताईचा आवाज नेहमीसारखाच होता. हात मात्र परातीत नुसते टेकलेले होते.

"नोको जाऊ म्हना तिले," गजू म्हणाला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता.

आणि मग ओसरीवरून बाबा बोलले. पुस्तकातल्या गोष्टीवर बाबा बोलले ते आयुष्यात पहिल्यांदा. "नाही जात ते," ते म्हणाले, "लेकरायले टाकून कशी जाईन? चांगली पोरगी हाये ते." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पुस्तकातल्या मुलीचं कौतुक. आपण कुणाला काय सांगतो आहोत याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. ताईनं क्षणभर मान वर केली नाही. मग वाचलं, 'ती गेली नाही', आणि गजूला खूण केली. पान उलटलं गेलं.

तेवढ्यावर सगळं संपलं असतं. घरात कुणी कुणाला दुखवलं नव्हतं, कुणी नाही म्हटलं नव्हतं. ताईनं हेडमास्तरांकडे निरोप धाडला असता आणि चांगली पोरगी म्हणून ती आमच्या चुलीपुढे म्हातारी झाली असती. दुसऱ्या दिवशी बाबांची भाकर घेऊन मी जिनात गेले. काट्यावर कापसाची गाडी चढलेली होती. मी म्हटलं, "बाबा, कालचं पुस्तकात नाही."

"काय नाही?"

"ते पोरीचं, शिकाले जायाचं. ताईनं मनचं वाचलं. हेडमास्तर आपल्याच घरी आलते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मागचा गाडीवान ओरडायला लागला, "ओ काटेवाले, झोपले काय?" तरी ते तसेच उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "तू घरी जाय." मला वाटलं, आता ताईला रागावतील. मी दिवसभर तिच्याशी बोललेच नाही.

संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले नाहीत. आत आले आणि चुलीजवळ, लाकडांच्या ढिगाशेजारी बसले. तिथं ते कधी बसत नसत. पाय कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "वाच," म्हणाले.

"कुठून?" ताईनं विचारलं.

"कालचं. गुरुजी येते तिथून."

ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पुस्तक पाट्याला टेकवलं, गजू पानावर हात ठेवून सरसावून बसला. ताईनं वाचलं. गुरुजी आले, सोय झाली, तिला आनंद झाला. 'मग ती वडिलांजवळ गेली आणि म्हणाली...' इथं तिला पुढचं जुळवता येईना. तव्यावरची भाकर करपायला लागली, तिचा वास घरभर झाला, कुणी ती उलटली नाही.

"मंग बाप काय म्हनते?" बाबांनी विचारलं.

"ते... पुढं हाये."

"मी सांगतो काय म्हनते ते. बाप म्हनते, जाय. लेकरायचं मी पाह्यतो."

गजूला हे मंजूर नव्हतं. तो पुस्तकात डोकं घालून म्हणाला, "असं लिवलं हाये काय, ताई?"

ताईनं पुस्तकाकडे पाहिलं. तिच्या गालावर पीठ होतं आणि त्यातून पाणी उतरत होतं. "हो," ती म्हणाली, "असंच लिवलं हाये."

आत्याला हवं असलेलं उत्तर एवढंच आहे. धाडलं कायले, तर तिला जायचं होतं म्हणून. विचारायची तिला सवय नव्हती, आणि विचारलं तेही पुस्तकाच्या आडून.

जायच्या आधी तिनं बाबांना भाकर शिकवली. मला येत होती, पण ती म्हणाली, "विमलनं शाळेत जायाचं. तुम्ही करा." जिनातला तो दांडगा माणूस परातीपुढे मांडी घालून बसायचा आणि ताई वरून हुकूम सोडायची. "बाबा, हळू. कापसाची गठान नाही बांधून राह्यले तुम्ही." त्यांच्या भाकरीला कधी गोल आकार आला नाही. शेजारणी कुंपणावरून वाकून बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. बाबांनी त्याची पर्वा केली नाही. ताई गेली, ट्रेनिंग झालं, कळंबला लागली. गजूला मॅट्रिकपर्यंत तिनंच आणलं. दर रविवारी घरी यायची, चुलीजवळ पाय पसरून बसायची आणि बाबा तिला वाढायचे. ती खायची आणि दर वेळी काहीतरी खोड काढायची. पीठ जाड झालं, मीठ विसरले, कडा कच्च्या राहिल्या, भाकर आजही फुगली नाही. बाबांना त्यातच धन्यता वाटायची. पुस्तकातल्या त्या माणसाला कुणी असं बसवून वाढलेलं मी अजून वाचलेलं नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. आत्या शेवटी गेली. त्या संध्याकाळी मी, गजू आणि बाबा तिघंच होतो, आणि चूल पेटवायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. अंधार पडल्यावर बाबा उठले. लाकडं सारली, परात घेतली. मी म्हटलं, "बाबा, मी करतो." ते म्हणाले, "तू बस." मी बसले. गजू कंदील पुसत होता, पुसतच होता. थापण्याचा आवाज येत राहिला. बाबांनी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यावर धरली, आणि ती फुगली. अख्खी, चहूबाजूंनी. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्य, कशी फुगली," ते म्हणाले. "रविवारी आली का दाखवतो तिले."

गजूनं पुसलेला कंदील लावला. बाबांनी ती भाकर खाली ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. मग आम्ही जेवलो.