कुसुमचा दाखवायचा फोटो

कसं सांगू हो तुम्हाला! एका फोटोपायी माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडत होतं, आणि तो फोटो काढणारे महाशय कोण? अस्मादिक!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. विमा कचेरीनं माझी बदली जयपूरला केली होती. आई आणि धाकटी बहीण कुसुम माझ्याबरोबर. कुसुमला सांगलीचं एक उत्तम स्थळ आलं होतं. मुलाचे मामा कामानिमित्त अजमेरला येणार होते. परतताना जयपूरला उतरून मुलगी बघायची नि घरच्यांसाठी तिचा फोटो न्यायचा, असं ठरलं होतं.

"तिला स्टुडिओत घेऊन जा," आई म्हणाली.

"स्टुडिओ कशाला? मी आहे ना!"

कारण मी नुकताच डबा कॅमेरा घेतला होता. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "बाबूजी, पहली रील में एक चेहरा भी पहचान में आ जाए तो मिठाई बाँटना." पण इतक्या थोडक्यावर समाधान मानणारा मी कुठला! मी स्वतःला थेट राजदरबारचा छायाचित्रकार समजत होतो.

नियम तरी काय मोठे? सूर्य पाठीशी हवा, कॅमेरा हलता कामा नये, आणि प्रत्येक फोटोनंतर बाजूची चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची. एवढंच!

सकाळी अंगणात खुर्ची मांडली, कॅमेरा स्टुलावर ठेवला. तेवढ्यात जवळच्या खातीपुरा गावचा दूधवाला भंवरजी आला. म्हटलं, आधी ह्याच्यावर हात साफ करू. पांढरा साफा, कानापर्यंत मिशा! गडी असा ऐटीत खुर्चीत बसला, जणू जहागीर मिळाली. खटक! तो गेला नि कुसुम आईची पैठणी नेसून आली. "खुर्चीशेजारी उभी राहा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेव." खटक!

आणि चावी? ती फिरवायची राहिली. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

मामा आले त्या दिवशी मी स्टुडिओतून पाकीट घेऊन थेट बैठकीत. उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "आधी तुम्हीच बघा, मामा!" काय ती माझी मिजास!

मामांनी फोटो बाहेर काढला. पोह्यांचा घास घशातच अडकला.

"हे... मुलीचे यजमान का?"

मी फोटो हिसकावला. अरे देवा! भंवरजी खुर्चीत, शेजारी पैठणीत कुसुम, तिचा हात त्याच्या खांद्यापाशी. नवी जोडपी हौसेनं काढून घेतात ना, अगदी तस्साच फोटो! भंवरजी जरा धुरकट, पण मिशा ठसठशीत.

"छे छे! हा तर आमचा दूधवाला!"

"दूधवाला?" मामा ताडकन उभे राहिले.

"म्हणजे... रोज येतो... सकाळ-संध्याकाळ..."

"गप्प बस रे मेल्या!" आई ओरडली. आत कुसुम रडायला लागली.

नेमका तेव्हाच भंवरजी संध्याकाळचं दूध घेऊन दारात हजर! फोटो पाहून हरखलाच. "वाह बाबूजी! म्हारी फोटू तो घणी चोखी आई! एक म्हनै भी दीज्यो, गाँव में दिखास्यूँ!"

गावात मिरवायला त्यालाही एक फोटो हवा होता! मामा चपला शोधू लागले. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "मामा, चावी राहिली हो! एकावर एक फोटो उमटला! उद्या सकाळी तुमच्यासमोर तीच चूक परत करून दाखवतो."

मामांची गाडी दुसऱ्या दिवशीची होती, एवढंच माझं नशीब.

सकाळी मामांना खुर्चीत बसवलं. खटक! मामा उठले, शेजारी भंवरजी उभा. खटक! चावीला मी हातसुद्धा लावला नाही. कॅमेरा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. स्टुडिओवाल्याच्या हातापाया पडून दुपारी फोटो आणला.

ना मामा, ना भंवरजी. सगळा काळाठिक्कर! दोन्ही वेळा भिंगावर माझंच बोट.

संपलं, म्हटलं. बहिणीच्या जन्माचं मी वाटोळं केलं! आईकडं बघायची छाती होईना.

मामांनी तो काळा कागद उलटा केला, सुलटा केला. मग एकदम खो खो हसत सुटले.

"विहीणबाई," ते आईला म्हणाले, "मुलगी पसंत! काल वाटलं होतं, तुमचा मुलगा काहीतरी लपवतोय. पण ज्याला तीच चूक दुसऱ्यांदा करायला जमत नाही, तो लबाडी काय कपाळ करणार!"