नटाच्या गालावरचे चौकोन

चादरीच्या विणीला मी सिनेमाचा दोष समजलो आणि चांगली डिस्क परत करायला लावली.

जुने विनोदी सिनेमे हल्ली साफसूफ करून डिस्कवर येतात. त्यांचं चित्र कसं उतरलंय, हे मी आमच्या सिनेमावेड्यांच्या ग्रुपवर लिहितो. नट घसरून पडला की लोक हसतात. मी त्याच्या सदऱ्याच्या सुरकुत्या नीट दिसतात का ते बघतो. याला मी रसिकता म्हणत होतो.

भवानी पेठेतल्या एका मित्रानं अशीच डिस्क आईसाठी मागवली. आईंनी तो सिनेमा लहानपणी मंगळवेढ्याला तंबूत पाहिलेला; पण शेवटाआधीच मशीन बंद पडलं. नायक सापडला की सुटला, ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

मी माझा प्रोजेक्टर घेऊन गेलो. पडदा नव्हता, म्हणून आईंच्या पलंगावरची पांढरी सोलापुरी चादर भिंतीला टांगली. पांढऱ्यावर पांढरीच चौकडी विणलेली. सिनेमा जरा रंगात आला आणि मी हात वर केला.

“थांबव. गालावर चौकोन दिसतायत. डिस्क नीट भरलेली नाही.”

“मला तर त्याचं नाक दिसतंय,” मित्र म्हणाला.

“नाक सगळ्यांनाच दिसतं रे. चौकोन बघायला नजर लागते.”

“मग म्होरं काय हुतंय?” आईंनी विचारलं.

“आई, असल्या चित्रात शेवट बघू नका. दुसरी मागवू.”

मित्र बिचारा माझ्या शब्दावर चालणारा. त्यानं परतीचं कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी कुरियरवाला येण्याआधी, पुरावा म्हणून चौकोनांचे फोटो काढायला मी पुन्हा प्रोजेक्टर लावला. चादर तीच.

आई वैतागल्या. “बगू देत न्हाइस, तर माजी चादर तरी दे. पायाला गार लागतंय.”

मित्रानं चादर ओढली. नट उघड्या भिंतीवर आला. गाल गुळगुळीत, मिशीचा केस न् केस वेगळा. चौकोन सगळे चादरीबरोबर आईंच्या पायांवर गेले.

“चुना झकास बसलाय भिंतीला,” मी म्हणालो.

तेवढ्यात दारात कुरियरवाला. “काय न्यायचंय, साहेब?”

आईंनी भिंतीवरची नजर हलवली नाही.

“पिक्चर हितंच ऱ्हाऊ दे. न्यायचंच आसंल, तर ह्या बाबाला घिऊन जा की.”