पगारे सिस्टरच्या कानातला कापूस

पगारे सिस्टर आमच्या खोलीत पहिल्यांदा शिरल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांत कापूस होता. ड्रेसिंगचा, बंडलातून तोडलेला, चांगला भरगच्च. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत पत्र्याच्या एका खोलीत आम्ही चौघं केस मानेवर सोडून मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं विलायती रॉक, वाजवायचो. मेटल म्हणजे काय हे शहाऐंशी साली कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. बाई सरकारी रक्तपेढीत नर्स, राहायला खोलीच्या मागेच. आता शिव्या बसणार म्हणून मी गिटार खाली ठेवली.

"ही कटकट ऐकायला किती पोरं येतील?"

"शंभरेक," मी छाती फुगवून थाप मारली.

"शंभर बाटल्या," बाई पुटपुटल्या, आणि खाटकानं बोकडाकडे बघावं तशा आमच्याकडे बघायला लागल्या.

भानगड अशी होती. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्त देणारी पोरं गावी, आणि रक्तपेढीचा फ्रिज रिकामा. त्यात लासलगावच्या मार्केटात हमाली करणाऱ्या एका माणसाची नऊ वर्षांची मुलगी होती, मनीषा. तिच्या अंगात रक्त टिकतच नसे. बाप दर तीन आठवड्यांनी तिला एस.टी.तून घेऊन यायचा आणि बाटली मिळेपर्यंत रक्तपेढीच्या पायरीवर बसून राहायचा. "त्या माणसाला मी 'नाय' म्हणून सांगणार नाय," सिस्टर म्हणाल्या. "एक बाटली द्या अन् आत या, हेच तिकीट."

पहिल्या वर्षीची आमची अक्कल बघा! कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम ठेवला, रक्त फाटकातच घेतलं आणि पोरांना सरळ आत मुंड्या हलवायला सोडलं. दुसऱ्या गाण्याला पहिला आडवा झाला. तिसऱ्याला चार. मग आमचा ड्रमवाला भाल्या, त्यानंही मोठेपणा करून रक्त दिलं होतं, तो ड्रमसकट कोसळला. लोकांना वाटलं गाण्यातच आहे. काय टाळ्या पडल्या, अहाहा! तेवढ्या टाळ्या आम्हाला पुन्हा कधीच मिळाल्या नाहीत.

सिस्टर साडी खोचून स्टेजवर चढल्या आणि त्यांनी माईक ओढून घेतला. "मेलं कुणीच नाय! पडलेल्याचे पाय वर करा. उभे असतील त्यांनी खाली बसा अन् काय हलवायचं ते बसून हलवा!"

पुढच्या वर्षी त्यांनी कारभार हातात घेतला. रक्त सकाळी, वाजवणं संध्याकाळी पाचला. कॉलनीतल्या स्वयंसेवकांच्या दोन टोळ्या केल्या आणि छातीवर कागद टाचले. 'सरबत' टोळीनं लिंबू पिळायचं, 'पाय' टोळीनं पडलेल्याचे पाय धरायचे. निवृत्त जाधव मास्तर आपणहून 'पाय' झाले आणि जन्मात कुणी ऐकलं नसेल एवढं त्यांचं त्या दिवशी पोरांनी ऐकलं. केळं खाल्ल्याशिवाय कुणालाही उठू देत नसत. कुणी कुरकुरलं की सिस्टर म्हणायच्या, "आधी रक्त माझं, मग नाच तुझा."

आमचं वाजवणं मनापासून आवडणारं माणूस अख्ख्या मैदानात एकच होतं, मनीषा. ती पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसायची, शेजारी सिस्टर. सिस्टर तिच्या कानात कापूस घालायच्या, ती काढून टाकायची आणि ओरडायची, "आणखी जोरात!" सिस्टर कपाळाला हात लावायच्या. "हिच्या अंगात तुमचंच रक्त गेलंय ना, म्हणून पोरीची आवड बिघडली."

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये मनीषा गेली. रक्त कमी पडलं नव्हतं. बाटली होती, तरीही गेली. मी सिस्टरना सांगायला गेलो की यंदा कार्यक्रम नको, कुणाचं मन होत नाही.

त्या कापूस गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी गेली म्हणून तुमचं रक्त आटलं का रे? पायरीवर आज दुसरा बाप बसलाय. त्याला काय सांगू, बँडवाल्यांचं मन होत नाय म्हणून?"

मी खोलीवर परतलो आणि गिटारच्या तारा जुळवायला घेतल्या.

मे महिन्यात आम्ही वाजवलं. पहिल्या रांगेत मनीषाची ती लोखंडी खुर्ची कुणीतरी मांडून ठेवली होती. सिस्टर आल्या, आपल्या नेहमीच्या जागी न बसता त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही कानांतला कापूस काढून पर्समध्ये ठेवला. माझी बोटं तारांवर घसरायला लागली. भाल्या तर ड्रम बडवता बडवता सरळ रडत होता. दोन तास बाईंनी सगळं ऐकलं. एकदाही कानावर हात नेला नाही.

संपल्यावर मी घाबरत घाबरत खाली उतरलो. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे रागानं बघितलं.

"लय वाईट वाजवता रे तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आणखी जोरात."