निळ्या गाडीची दिशा

हसायचं नाही हं, आधी कबूल करा, मगच सांगते. आमची गाडी मी निवडली. होय, मीच! सातवी शिकलेली बाई, जिला सायकलसुद्धा येत नाही.

आमचे हे यात्रा-बाजारांत कटलरीचं दुकान लावायचे. टिकल्या, रिबिनी, बांगड्या. आज जामनेर, पुढच्या आठवड्यात शिंदखेडा. मी आणि अकरा महिन्यांची पिंकी मात्र नशिराबादला. पोरगी बापाला ओळखेना, त्यांची दाढी बघून रडायची! म्हणून ठरलं, झोपता येईल, रांधता येईल अशी जुनी गाडी घ्यायची आणि तिघांनी बरोबर फिरायचं.

पिंकीला घेऊन आम्ही धुळ्याला गेलो. तिथं नानांच्या गॅरेजात अशा दोन गाड्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. निळी सर्कसवाल्याची, पांढरी फिरत्या सिनेमावाल्याची. दोन्हींत मागे पलंग, उजवीकडे ओटा. मला तर भातुकलीच सापडली! फळ्या उचलल्या, कप्पे ओढले, सगळीकडे डोकं घातलं.

"नाना, ही कडी कशाला?"

"पाळणा बांधाले."

"आणि ही एवढीशी खिडकी?"

"तठून सर्कसनं माकड बाहेर देखे."

मग चालवून बघायची पाळी. मी काय केलं, ओट्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. पांढरीनं वळण घेतलं, खड्डा घेतला, पाण्याचा थेंब सांडला नाही. निळीनं पहिल्याच वळणावर अख्खा तांब्या माझ्या मांडीत रिकामा केला!

"पांढरी ल्या भाऊ," नाना म्हणाले. "रस्ताले चिकटीसन चालस. निळी डोलस."

दोन्ही गाड्या पुन्हा आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मी परत एकदा दोन्हींत चढले, उतरले आणि म्हटलं, "निळी."

"अगं, आधी साडी तर पिळ!" हे म्हणाले.

"निळी म्हणजे निळी. मांडणी बघा तिची."

खरं कारण पोटातच ठेवलं. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, लेकराचं डोकं झोपताना उत्तरेला नको. आणि पांढरीत उशी नेमकी उत्तरेला! निळीत दक्षिणेला. शिवाय पोळ्या लाटताना तोंड पूर्वेला, ऊन थेट तव्यावर. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता हो! पण दोन पुरुषांसमोर असलं काही बोलावं, तर हसतील ना?

"ताईनी नजर दांडगी शे," नाना म्हणाले. "बठ्ठं वजन-बिजन देखी लिधं."

बायकोनं सगळं वजन-बिजन पारखलं म्हटल्यावर यांची छाती फुगली. निळी आमची झाली.

गॅरेजातून निघालो, पिंकी पलंगावर गाढ झोपलेली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली, आणि बघते तर ओट्यावरचं ऊन गायब! ते आता दुसऱ्याच बाजूनं येत होतं.

"अहो, थांबा! सूर्य हलला!"

करकचून ब्रेक. "काय हललं?"

"पिंकीचं डोकं उत्तरेला गेलं!"

मी तिला उचलून उलटी झोपवली. जरा पुढे गेलो तर आणखी एक वळण, पुन्हा डोकं उत्तरेला! पुन्हा उचलली, पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी पिंकीनं असा काही भोंगा लावला की यांनी गाडी लिंबाखाली घेतली.

"तू निळी दिशा बघून घेतलीस?"

मी मान खाली घातली.

"अगं बाई, दोन्हींची मांडणी एकच होती! नुसती तोंडं उलटी! नानांना सांगितलं असतंस, तर त्यांनी पांढरी फिरवून उभी केली असती की!"

परत जायचं? कोणत्या तोंडानं? तांब्या सांडूनसुद्धा जी बाई 'मांडणी बघा' म्हणाली, तिनं?

निघालो तसेच. गाडी डोलायला लागली तशी पिंकी झोपली, आणि झोपेतच लोळत लोळत नशिराबाद येईपर्यंत चारी दिशांना डोकं करून आली. वर गालात हसतेय!

सासूबाई दारातच उभ्या. "झोपली का गं नीट?"

"हो."

"मग तू का अशी पिवळी पडलीस?"

"गाडी तिनंच निवडली आहे," हे म्हणाले.

ती निळी आम्ही सात वर्षं वापरली. पिंकीला एकदाही गाडी लागली नाही. मला मात्र प्रत्येक वळणावर! सर्कशीतलं माकड ज्या खिडकीतून बाहेर बघायचं ना, तिथून सात वर्षं माझं डोकं बाहेर असायचं. आणि दिशा? ती बघायची शुद्ध कुणाला होती!