पिल्लाच्या पायाचं फिटिंग

मास्तरांच्या शिवणकामाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान मास्तरांचं तरी तसं मत होतं. लहान मुलांचे कपडे शिवताना ते हटकून दोन बोटं कापड आत दुमडून ठेवत. "पोर वाढतं, कापड वाढत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाकी स्वभाव म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीत मांजराचं एक भुरं पिल्लू येऊन राहिलं, तेव्हा त्यांनी बायकोला बजावलं, "उद्या हे इथं दिसता कामा नये." उद्या ते दिसलं. परवाही दिसलं. मग कोटाच्या अस्तराचा एक मऊ तुकडा आपोआप टोपलीत जाऊन पडला. तो कोणी टाकला, हे विचारायची सोय नव्हती.

बायको त्याच दुकानात काज-बटणं करायला बसे. त्या सकाळी ती बटणं आणायला गेली आणि पिल्लू टोपलीतून उतरून मशीनखाली जाऊन झोपलं. मास्तरांनी खाली न बघताच पायडलवर पाय मारला. एवढीशी किंकाळी, पण मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. पिल्लाचा पुढचा पाय लुळा लोंबत होता.

दुसरा कोणी असता तर तसाच डॉक्टरकडे पळाला असता. पण हातात कला असली की माणसाला गप्प बसवत नाही. मास्तरांनी कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक बकरम कापलं, पायाभोवती बसवलं, वरून सुती पट्टी ताणून गुंडाळली आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकली. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. बायको परत आल्यावर "भिंतीवरून पडलं" असं सांगून ते मोकळे झाले.

दुपारनंतर पिल्लानं दुधावरून तोंड फिरवलं.

"अहो, याची बोटं बघा," बायको म्हणाली. "टम्म फुगलीत आणि गारठलीत."

मास्तरांची पाचावर धारण बसली. अर्धी शिवलेली पँट मशीनवर तशीच टाकून त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. गिऱ्हाइकाचं काम असं अर्धवट टाकून ते आयुष्यात कधी उठले नव्हते.

जनावरांची डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिनं पिल्लाला टेबलावर घेतलं. "काय झालं हिला?"

पिल्लू म्हणजे 'ती' आहे, हे मास्तरांना तिथंच कळलं. "भिंतीवरून पडली," ते म्हणाले आणि हातानं उंची दाखवली.

"एवढ्या उंचावरून? मग पोटात, छातीत मार असू शकतो. भूल देऊन सगळं तपासावं लागेल, आणि इतक्या लहान जिवाला भूल म्हणजे धोका आहेच. काका, नक्की पडलीच ना?"

मास्तरांनी चोरून बाजूला बघितलं. बायको शेजारीच होती. पिल्लू त्यांचा अंगठा चाटत होतं, ज्यानं पाय मोडला त्याचाच! तेवढ्यानं मास्तर विरघळले.

"नाही हो. मी मशीन चालवलं. ती खाली झोपली होती. पडली-बिडली काही नाही."

डॉक्टरनं मान हलवली आणि आधी कात्रीनं ती पट्टी कापली. "हे कोणी बांधलं?"

"मीच."

"शिवण सुंदर आहे. पण मार लागला की पाय सुजतो, काका. सुजायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. सकाळपर्यंत असंच राहिलं असतं तर पंजा गेला असता."

गल्लीतल्या यच्चयावत पोरांना दोन बोटं जागा ठेवणारा हा माणूस! घाबरल्यावर नेमकं तेच विसरला. मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

डॉक्टर पंजा हातात धरून बसली. शेवटी ती म्हणाली, "ऊब येतेय. बघा, बोटं हलवली तिनं." मग हाड तपासून तिनं नवी पट्टी बांधली. ती चांगलीच गबाळी दिसत होती. "रोज बोटांना हात लावून बघा, गार वाटली तर लगेच या. आणि घरातलं माणसांचं औषध अजिबात द्यायचं नाही."

"इथं जरा ओढून घेऊ का?" मास्तरांचे हात शिवशिवत होते.

"हात लावायचा नाही!" डॉक्टर आणि बायको एकदमच म्हणाल्या.

घरी जाताना बायको म्हणाली, "पट्टीवर मशीनचं तेल लागलेलं मी सकाळीच बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तोंड बघितलं. त्यावर आणखी काय बोलायचं?"

पाय बरा झाला. आता ती मांजर चांगली गलेलठ्ठ झालीये आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर, कापडांच्या फळीवर पसरून झोपते. तरीही पायडलवर पाय ठेवण्याआधी मास्तर दर वेळी कंबर धरून वाकतात आणि मशीनखाली बघतात.

"अहो, समोर फळीवर आहे की ती," बायको म्हणते.

"दिसतंय मला," मास्तर म्हणतात आणि वाकतात.