तोंडी परीक्षेचा फोन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडणं. पेरणीच्या बियाण्याच्या. मी दातानं फोडत होतो आणि बायको ओरडत होती, "आवं, बी उष्टं हुतंय!" त्या संध्याकाळचं पुढचं मात्र आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. मुलांपुढं नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगतो.

माझी सुमन एम.ए. करत होती. हसू नका. मी पलटणीत असताना तिनं पोरं वाढवली, त्यांची लग्नं झाली, मग बाहेरून बी.ए. केलं. बी.ए. असल्याशिवाय एम.ए.ला घेत नाहीत, हे तिनंच मला सांगितलं. मी सातवी — मला वाटायचं, फी भरली की घेत असतील.

विद्यापीठाच्या सांगलीच्या केंद्रात नाव घातलं. सगळे पेपर सुटले. मग प्रकल्प. फौजींच्या घरोघरी जाऊन बायकांना विचारायची — नवरा नसताना घरातलं कोण ठरवतं? तोही लिहून दिला. राहिली तोंडी परीक्षा. ती दिल्याशिवाय डिग्री नाही, असा नियम.

अर्जावर फोन नंबर माझा. आमच्याकडं बाईच्या कागदावर नवऱ्याचाच असतो.

त्याच दिवसांत पारावर एकजण म्हणाला, "काय हवालदार, आता घरात मॅडमला सलाम ठोकायचा का रं?" सगळे हसले. मीही हसलो. हसलो — पण आत काहीतरी सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन. तोंडी परीक्षा बुधवारी. "सांगतो," म्हणालो.

सांगितलं नाही.

बुधवारी तिला एसटीनं आष्ट्याला तिच्या बहिणीकडं घेऊन गेलो. बाहेर धुकं, त्यात उसाचे पांढरे तुरे तरंगत होते, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. लय सुख वाटलं. कुणाचं होतं ते सुख? अजून डोळे मिटले की ती एसटी चालूच असते. आष्टा येतच नाही.

निकालात गैरहजर लागली. "मला कुणी कळवलंच न्हाई," म्हणाली. "माजंच कायतरी चुकलं असंल." मी म्हणालो, "केंद्रवाली असलीच." असं म्हणताना जीभ अडखळली? नाही.

तर ती शेंगांची संध्याकाळ. टरफलं झटकत म्हणाली, "डिग्रीला ठरल्याली वर्सं संपत आली. या खेपंला तोंडी दिली न्हाई तर समदं वाया. उद्या केंद्रात जाऊन विचारू. येतासा न्हवं?"

"येतो."

केंद्रात गेलो की कळणार होतं, फोन कुणी घेतला ते. तेव्हाच सांगायचं होतं. ती समोर होती, मांडीवर सूप, पदराला माती. मी बंदुकीपुढं उभा राहिलेला माणूस — आणि दाणे निवडत राहिलो. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी ती उठली नाही. हलवलं. हात गार.

पहिलं मनात काय आलं? आता सांगलीला जायला नको. हे आधी आलं. रडू मागनं आलं.

मग माणसं जमली. शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "एवढी एक परीक्षा राहिली गं बाई तुजी." सुमन अंगणात निजवलेली होती, कुंकू लावून. मी तिच्या उशाशी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो —

"तिनंच सोडली हुती."